आयेचा उजवा डोळा

कापडे, बौद्धवाडी
२२ ऑक्टोबर १९७८

गणू,

हे पत्र आयेच्या डोळ्यांबद्दल आहे, माझ्याबद्दल नाही. म्हणून फाडायच्या आधी वाच.

आयेला दिसत नाही. किती दिसत नाही हे मला गेल्या आठवड्यापर्यंत कळलं नव्हतं, कारण ती ते लपवते आणि फार हुशारीनं लपवते. दारात कुणी आलं की त्यानं तोंड उघडायच्या आधीच ती नावानं हाक मारते. "ये गो रखमा." "बस रे कुशाबा." वाडीत सगळे म्हणतात, काशीबाईची नजर अजून घारीची आहे. मीही तेच म्हणायची. पण भातात खडे लागायला लागले. एक दिवस नाही, रोज. तांदूळ तीच निवडते. मी खडे बाजूला काढून जेवत राहिले.

मग मी एक गोष्ट केली, ती सांगायला बरी वाटत नाही. शेजारच्या रखमाच्या वहाणा मागून घेतल्या, तिची पाटी कमरेला लावली आणि तिच्यासारखे पाय घाशीत भर दुपारी आपल्याच अंगणात आले. आये उंबऱ्यात बसली होती. सरळ माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "रखमा, बस. आमची मास्तरीण अजून शाळंत हाय."

मी हातभर अंतरावर होते. तशीच पाय घाशीत मागे वळले तर ती हलक्या आवाजात म्हणाली, "आनि पत्राचं तिच्यासमोर नको काढू हां."

म्हणजे तुझी पत्रं येतात. रखमाच्या घरी येतात आणि तिथंच वाचली जातात. घरात शिक्षिका असून आये पत्र दुसऱ्याच्या दारात वाचून घेते. असो. मी म्हटलं ना, हे पत्र माझ्याबद्दल नाही.

तिला महाडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. माझी दाढ दुखते, सोबतीला चल, असं सांगून नेलं. हे तुला मीच सांगते, कारण ती सांगेलच. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि मला बाजूला घेतलं. डावा डोळा गेला. मोतीबिंदू जास्त पिकून आत दाब वाढला. तिचं कपाळ महिनाभर ठणकत असणार, तिनं सांगितलं नाही का, म्हणाले. तिनं पाऊसभर कपाळाला सुंठ लावली होती. मी समजले सर्दी.

"तीन वर्षांपूर्वी दवाखान्यात दाखवलं होतं," मी म्हटलं. "पिकू द्या, मग बघू, म्हणाले."

डॉक्टर चिडले. "मोतीबिंदू म्हणजे आंबा आहे का बाई, अढीत घालून वाट बघायला? किती पिकला ते सोडा. आजींना कोणतं काम जमेनासं झालं ते बघायचं. तांदूळ निवडता येईनात, त्याच दिवशी आणायचं होतं."

त्यांनी समजावून सांगितलं ते तुलाही सांगते. डोळ्यात एक भिंग असतं, स्वच्छ काचेसारखं. वयानं ते गढूळ होतं. वर आलेला पडदा नव्हे की पुसून काढावा. थेंबांनी, सुरम्यानं, मधानं जात नाही. गढूळ भिंग काढून टाकायचं आणि जाड चष्मा लावायचा, एवढाच उपाय. तुला आठवतं, चार वर्षांपूर्वी आये अचानक चष्म्याशिवाय सुई ओवायला लागली आणि आपण सगळे हसलो, म्हातारी तरुण झाली म्हणून? ती सुरुवात होती, गणू. भिंग फुगायला लागलं की काही दिवस जवळचं चांगलं दिसतं.

उजवा डोळा अजून वाचतो. पण पुढच्या पावसापर्यंत थांबलो तर त्याचंही डाव्यासारखं होईल असं डॉक्टर म्हणाले. जानेवारीत महाडला शिबीर आहे. मुंबईचे डॉक्टर येणार आहेत. तुला तिला मुंबईला तुझ्याकडेच न्यायचं असेल तर ये आणि घेऊन जा. पण काहीतरी कळव.

मंजुळा

कापडे
१९ नोव्हेंबर १९७८

गणू,

तुझं उत्तर आलं नाही. मला आलं नाही, असं म्हणते.

शिबिराची नावं घेणं सुरू झालं. मी आयेजवळ विषय काढला.

"तुझं नाव देते."

"कागद कोन लिवनार?"

"मीच. दुसरं कोण लिहिणार?"

"मग नको."

एवढंच बोलली आणि चुलीकडे सरकली. चुलीपर्यंत ती चार पावलं मोजते. तिच्या ओठांवर मला ते दिसतं. तिचं आता सगळ्यांवर लक्ष असतं, म्हणजे कान असतात. चहा पांचट लागला की तिच्या मते मी दूध चोरते. दिवा लावला की म्हणते, वात बारीक का ठेवलीस, मी हिथं बसलेय ते बघवत नाय का. वात मोठीच असते. दिव्याभोवती तिला कडी दिसतात आणि मधे अंधार. अंगणात दोन बायका बोलायला लागल्या की तिचा हात थांबतो. ज्याला दिसत नाही त्याला सगळं जग कुजबुजतं असं वाटत असावं. आणि मला सगळं दिसत असून माझंही तसंच झालंय. मी शाळेतून येते ती आधी रखमाच्या ओट्याकडे बघत येते, तिथं कुणाच्या हातात काही कागद आहे का.

वाडीतल्या बायकांना मी मोतीबिंदूचं सांगायला गेले. पाणी भरायच्या वेळी सगळ्या होत्या.

रखमा म्हणाली, "मास्तरणी, आता म्हाताऱ्यांच्या पन केसी पायजेत का सरकारला?"

"डोळ्याचं नाव सांगतील नि खालचं कापतील," मागून कुणीतरी म्हणालं.

"आता खालचं काय ऱ्हायलंय माझं!" एक म्हातारी म्हणाली. हंडे हिंदकळेपर्यंत हसल्या. एकीचं म्हणणं, डॉक्टर आतला मोती काढून मुंबईत विकतात, फुकट कोण कशाला कापील. मीही हसले. पण हसून झाल्यावर कुणी माझ्याकडे बघेना.

मग मी रखमाला एकटीला गाठलं आणि सरळ विचारलं. ती बरी आहे, खोटं बोलली नाही. "गणूनं लिवलंय," म्हणाली, "ताईच्या हातच्या कागदावर अंगठा देऊ नको म्हनून. माझी सून वाचती. तुम्हीच शिकवलंय तिला."

म्हणजे मी शिकवलेल्या मुलीनं तुझं हे वाक्य माझ्या आईला वाचून दाखवलं.

तुझा राग मला कळतो. पण एक सांगते. शहात्तर सालच्या नोव्हेंबरात तू भात झोडायला आलास, तेव्हा नसबंदीच्या कागदावर सही तू केलीस. कुणी तुझा हात धरला नव्हता. तू सातवी शिकलेला, गोदीत नोकरी करणारा माणूस. कागद वाचायला तुला कुणी नको म्हटलं नव्हतं. त्या रागाची किंमत आयेच्या डोळ्यानं का भरायची?

उत्तर दे.

मंजुळा

कापडे
१० डिसेंबर १९७८

गणू,

मागच्या पत्रातलं शेवटचं सोड. हे तातडीचं आहे.

आयेनं सुईवाल्याला बोलावलं आहे. येत्या गुरुवारी तो घरी येणार. हा माणूस पोलादपूरच्या बाजारात झाडाखाली बसतो. डोळ्यात सुई घालून आतला मोती मागे ढकलतो. कापायचं नाही, झोपायचं नाही, तिथल्या तिथे बोटं मोजून दाखवायची आणि घरी जायचं. गेल्या महिन्यात आपल्या वाडीच्या कुशाबानं त्याच्याकडून डोळा करून घेतला. भर बाजारात त्यानं बोटं मोजली, तीन, दोन, पाच. रखमाचा नवरा तिथं होता, त्यानं डोळ्यांनी बघितलं. तेव्हापासून वाडीत दुसरा विषय नाही.

मी महाडच्या डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, हो, पहिल्या दिवशी दिसतं. गढूळ भिंग वाटेतून बाजूला गेलं की उजेड आत जातो. पण भिंग आतच सडतं, सुई धुतलेली नसते, डोळा सुजतो, पू होतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत डोळा कायमचा जातो. तोवर सुईवाला दुसऱ्या तालुक्यात. "बोटं मोजणारे सगळे बघतात," म्हणाले, "पुढचं बघायला कुणी थांबत नाही."

मी हे सगळं आयेला सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "तो कागद मागत नाय."

"आये, तो डोळा फोडील तुझा."

"फोडील तर फोडील. माझ्या डोल्यादेखत फोडील. लिवून नाय फोडनार."



कुशाबा आता डोळ्यावर फडकं बांधून फिरतो. ऊन सोसत नाही, म्हणतो. झकास दिसतं, म्हणतो. पण मला त्याचा संशय येतो. परवा तो आमच्या अंगणात आला तेव्हा पायरीपाशी थांबून आधी काठीनं चाचपलं. मी आयेला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "तुला समद्यांचाच संशय."

गणू, तुझ्या एका ओळीनं ती सुईवाल्याला परत पाठवील. माझ्यावरचा राग तसाच ठेव, पण ती ओळ लिही.

आणि मागच्या पत्रात एक गोष्ट मी अर्धी लिहिली. सही करायच्या आधी तू मला विचारलं होतंस, ताई, नंतर परत सुरू करता येतं ना? मी म्हटलं होतं, हो, डॉक्टर म्हणाले, येतं. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. मी विचारलंच नव्हतं.

मंजुळा

कापडे
१५ डिसेंबर १९७८

गणू,

सुईवाला येऊन गेला. डोळा शाबूत आहे. तुझी ओळ आली नव्हती. ते माझ्यामुळेही झालं नाही. आयेनं एकटीनं केलं.

काल मी शाळा अर्ध्यावर टाकून घरी आले. अंगणात निम्मी वाडी जमली होती. सुईवाला पांढरा शर्ट घालून बसला होता. पुढ्यात चिंध्या आणि एक पितळी डबी. आयेला पाटावर बसवलं होतं. तिला हिंमत द्यायला म्हणून कुशाबा समोर बसला होता. रखमानं मला दंडाला धरून ठेवलं होतं, "बोलू नको आता, म्हातारीचा जीव घाबरंल."

सुईवाल्यानं डबी उघडली. तेवढ्यात आयेनं हात वर केला.

"थांब रं बाबा. कुशाबा, ते फडकं काढ की जरा. मला बघू दे तुझा डोळा कसा झाला."

"ऊन लागतंय, काशीबाय."

"सावलीत हाईस. काढ."

त्यानं फडकं काढलं. मी त्याच्या बाजूला होते. मी जे बघितलं ते लिहीत नाही. पण आयेला ते कुठं दिसणार होतं? तिनं आपला उजवा हात पुढं केला, मूठ मिटून.

"ही किती बोटं?"

कुशाबा हसला. मान जराशी वळवली. "दोन!"

आयेनं हात मागे घेतला नाही. मूठ तशीच मिटलेली. मग तिनं हात खाली घेतला आणि मोठ्यानं म्हणाली, "बरोबर! झकास दिसतंय की रं तुला." आणि सुईवाल्याकडे तोंड करून, "बाबा, आज माझ्या अंगात कणकण हाय. आज नको. बोलावीन तेव्हा ये."

तो कुरकुरला, म्हणाला, पुन्हा ह्या बाजूला येणं होणार नाही. "नको येऊस मग," आये म्हणाली.

सगळे गेल्यावर तिनं मला जवळ बसवलं. म्हणाली, "त्याचा आवाज बाजूनं आला. त्यानं आदी कान फिरवला. मग सांगितलं. मी पन तसंच करते."

गणू, दोन वर्षांत तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलेलं हे पहिलं वाक्य. वाडीतल्या कुणाला कळलं नसतं ते तिला कळलं, कारण ती तेच सोंग रोज करते. आणि तिनं कुशाबाला चारचौघांत उघडं पाडलं नाही. आज मी त्याला महाडच्या डॉक्टरांकडे नेणार होते. तो यायला तयार नाही. "मला दिसतंय," म्हणतो.

"आता शिबिराला चलशील?" मी विचारलं.

"गणूनं नको म्हटलंय. त्याचा शब्द मी मोडनार नाय. तू त्याला खरं लिव. समदं. मग तो काय म्हनंल ते म्हनंल."

"लिहिलंय मी."

"समदं?"

तिला माझं तोंड दिसत नव्हतं. तरी मी मान फिरवली.

तेव्हा हे सगळं.

त्या वर्षी आमच्या शाळेत प्रत्येकीला दोन केसी आणायला सांगितलं होतं. नाही आणल्या तर बदली, डोंगरापलीकडे, जिथून पावसात चार महिने खाली उतरता येत नाही. आये इथं एकटी राहिली असती. हे कारण आहे. कारण म्हणूनच सांगते, माफी म्हणून नाही. एक केस मिळाली. दुसरी मिळेना. त्याच आठवड्यात तू आलास.

दोन मुलं असल्याशिवाय केस धरत नव्हते. तुला एकच मुलगी. फॉर्म मी भरला. तुझ्यासमोर, ओट्यावर बसून. तू कणगीला टेकून तुझ्या बायकोशी, कमळशी बोलत होतास. वाच रे, असं मी म्हटलं नाही. तू वाचणार नाहीस हे मला माहीत होतं. माझं अक्षर बघून तू नेहमी म्हणायचास, ताईनं लिहिलंय म्हणजे छापल्यासारखं.

दाखल्यावर "दोन" लिहिलेलं तू मुंबईत गेल्यावर बघितलंस, आणि तुला वाटलं मी नुसता आकडा खोटा लिहिला. आकडा नव्हता नुसता. तिथं नावं लिहायची होती. पहिल्या ओळीत मी सुमन लिहिलं. दुसरी ओळ रिकामी ठेवता येत नव्हती. मी मिलिंद लिहिलं. मुलगा, वय दीड वर्ष.

ते नाव मला सुचायला एक क्षणही लागला नाही. तुझ्या मुलाचं नाव मी मनात कधीच ठेवलं असावं.

सगळं एवढंच आहे. आता आयेचा डोळा तुझ्या हातात आहे. नावं द्यायची शेवटची तारीख दहा जानेवारी.

मंजुळा

महाड
२८ जानेवारी १९७९

गणू,

मी हे शाळेच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे. शिबीर इथंच आहे. वर्गातली बाकं हलवून सतरंज्या घातल्या आहेत. फळ्यावर अजून कुणाचं तरी भागाकाराचं गणित आहे.

आयेचा डोळा वाचला. आज पट्टी सुटली. डॉक्टरांनी हात हलवला तो तिला दिसला. किती बोटं तेही दिसलं, आणि या वेळी तिनं कान फिरवला नाही.

आता पहिल्यापासून सांगते. तुझं कार्ड सात तारखेला आलं. "आये, डोळा करून घे. अंगठा दे. गणू." रखमाच्या सुनेनं ओट्यावर उभी राहून वाचलं. मी तिथंच होते. आयेनं मला मुद्दाम बोलावलं होतं.

"परत वाच," आये म्हणाली. तिनं परत वाचलं.

"अक्षर कुनाचं हाय?"

सून माझ्याकडे बघायला लागली. "दादाचंच वाटतं."

"हिचं असंल," आये म्हणाली. माझ्यासमोर. "हिला येतं कुनाचंबी नाव लिवायला."

मला वाटलं आता संपलं. तारीख जाणार, पाऊस येणार. मी काही म्हटलं असतं तरी ते खोटंच ठरलं असतं.

आयेनं सुनेकडे तोंड केलं. मग म्हणाली, "ताईबद्दल काय लिवलंय त्यात?"

"काय नाय."

"बरी हाय का, कशी हाय, कायच नाय?"

"नाय, आजी. एवढंच हाय."

"मग गणूचंच हाय," आये म्हणाली. "हिनं लिवलं असतं तर सोताला माफी लिवली असती."

रखमा खाली बघायला लागली. मी आत गेले आणि आयेची लुगडी घडी करून पिशवीत भरायला लागले.

फॉर्म मी लिहिला नाही. टेबलाशी बसलेल्या एका बाईंनी लिहिला. आयेनं त्यांच्याकडून प्रत्येक ओळ लिहिल्यावर मोठ्यानं वाचून घेतली. मागची रांग कटकट करत होती. "आजी, बस चुकंल आमची!" असं कुणीतरी ओरडलं तर म्हणाली, "चुकू दे. डोला चुकायला नको." अंगठा देताना मला दूर उभं राहायला सांगितलं. मी दूर उभी राहिले.

डोळ्याच्या बाजूला सुई देऊन बधिर केलं. अर्धा तास लागला असेल. नंतर दोन्ही डोळ्यांना पट्टी आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही म्हणून. खोकायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. मी पेज भरवायला गेले की विचारायची, "कोन?" दर वेळी. मी म्हणायचे, मंजुळा. मग तोंड उघडायची. तिसऱ्या दिवशी तिनं "कोन" विचारलं नाही. मला बरं वाटलं. मग लक्षात आलं, शेजारच्या पेशंटच्या बाईनं तिला आधीच सांगितलं होतं, तुमची मुलगी आली म्हणून.

उद्या घरी नेते. दीड महिन्यानं चष्मा मिळेल.

तू कार्ड पाठवलंस. माझ्याबद्दल त्यात काही लिहिलं नाहीस, ते बरंच केलंस. तसं काही असतं तर ती आली नसती.

मंजुळा

कापडे
११ मार्च १९७९

गणू,

आयेला चष्मा मिळाला. बाटलीच्या बुडासारखी जाड काच आहे. लावला की तिचे डोळे केवढे तरी मोठे दिसतात.

महाडलाच लावून दिला. तिनं आधी स्वतःचे हात बघितले, उलटे, सुलटे. मग भिंतीवरचं कॅलेंडर. मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मला कुठं बघावं ते कळेना.

"केस पांढरे झाले की गो तुझे," म्हणाली. "मला कुनी बोललं नाय."

आणखी काही बोलेल म्हणून मी थांबले. ती उठली, काठी घेतली आणि म्हणाली, "चल. मला गणूला बघायचंय."

बसमध्ये मी विचारलं, म्हणजे काय, जाऊन यायचं का? म्हणाली, "न्हाय. ऱ्हायचं. त्याच्याकडं." तुला तिनं काही कळवलं आहे की नाही, मला माहीत नाही. रखमाकडून कार्ड गेलं असेल. मी आता रखमाच्या ओट्याकडे बघत नाही.

येत्या सोमवारी सकाळच्या गाडीनं रखमाची सून आणि तिचा नवरा मुंबईला निघालेत, त्यांच्यासोबत आये येईल. मी सोबत येत नाही. ती मला नको म्हणाली नाही, पण मी विचारलंही नाही.

काही गोष्टी तुला माहीत पाहिजेत. हे कमळलाही वाचून दाखव.

जड उचलू द्यायचं नाही, आणखी दोन महिने. चुलीचा किंवा शेगडीचा धूर डोळ्याला लागू द्यायचा नाही. अंघोळीला डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. थेंबांची बाटली तिच्या पिशवीत कोपऱ्यात आहे, दिवसातून तीनदा. डोळा लाल झाला किंवा दुखला तर तिच्या सांगण्याची वाट बघू नकोस, ती सांगणार नाही. रोज स्वतः बघ. डाव्या डोळ्याचं विचारील, त्याचं कधी होणार म्हणून. मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगायचं तर तू सांग. तुझ्यावर तिचा विश्वास बसेल.

आणि चष्म्याचं. या काचेतून सगळं मोठं दिसतं आणि आहे त्यापेक्षा जवळ दिसतं. पहिल्या दिवशी तिनं पाण्याचा तांब्या घ्यायला हात केला तो हवेतच मिटला. ती चिडली, तिला वाटलं मी तांब्या मागे घेतला. पायरी उतरताना पाय चुकतो. चाळीच्या जिन्यावर तिचा हात धर. नको म्हणेल, तरी धर.

तू स्टँडवर घ्यायला येशील तेव्हा ती तुला बघून हात पुढं करील, तोंडावरून फिरवायला. तो तुझ्यापर्यंत पोचणार नाही. तिला वाटेल तू मागे सरलास.

एक पाऊल पुढं हो.

मंजुळा